गाव आणि ठाणे यांच्यामधला माणूस

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके. पश्चिमेला सह्याद्रीची धार, नाणेघाट, भीमाशंकर. पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांचा बागायती पट्टा. 2011च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सहा लाखांच्या वर होती. एवढ्या मुलखाला जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव आणि पारगाव (कारखाना) ही पोलीस ठाणी. प्रत्येक ठाण्याखाली कितीतरी गावे आणि त्यांच्या विखुरलेल्या वाड्या. रात्री दोन वाजता आंबे किंवा हातवीजला काही घडले, तर जुन्नरहून निघालेली गाडी डोंगर चढून पोचेपर्यंत महत्त्वाचा वेळ गेलेला असतो. त्या वेळात कायद्याच्या नावाने गावात उभा असतो तो एकच माणूस, पोलीस पाटील.

गावाच्या सुरक्षेचा विचार करताना आपली नजर ठाण्यावर जाते. मनुष्यबळ किती, गाड्या किती, कॅमेरे किती, याची चर्चा होते. ठाण्याच्या अलीकडे, गावातच राहून गावाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचा विचार मात्र भरतीची जाहिरात निघते किंवा मानधनासाठी मोर्चा निघतो तेव्हाच होतो. हे पद कुठून आले, कायदा त्याच्याकडून काय मागतो, या दोन तालुक्यांत त्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते आणि कुठे अडते, याचा हा आढावा. त्यातून माझे म्हणणे एकच आहे. या पदाची सगळी ताकद गावाच्या विश्वासात आहे, आणि पाटलाने वर कळवलेल्या गोष्टीचे उत्तर गावाला मिळत राहिले तरच तो विश्वास टिकतो. खबर वर जाण्याची वाट दीडशे वर्षांपूर्वी बांधली गेली. उत्तर खाली येण्याची वाट अजून कच्चीच आहे.

वतनापासून नेमणुकीपर्यंत

पूर्वी गावच्या पाटलाकडे महसूल आणि बंदोबस्त अशी दोन्ही कामे होती. त्याच्या हाताखाली महार, रामोशी, जागले गावाची राखण करत. चोरी झाली की चोराचा माग काढायचा आणि तो शिवेबाहेर नेऊन दाखवायचा. माग ज्या गावाच्या हद्दीत संपला, त्या गावावर जबाबदारी यायची. राखण ही गावाची सामूहिक जोखीम होती. तिचा भार मात्र जातीच्या उतरंडीत खालच्या माणसांवर पडायचा आणि मान वरच्यांना मिळायचा, हेही त्याच व्यवस्थेचे सत्य आहे.

1867 साली मुंबई इलाख्यात ग्रामपोलिसांचा कायदा झाला आणि पाटलाचे पोलिसी काम इंग्रजी अमलाच्या चौकटीत आले. लगेच पुढच्या दशकात, 1873च्या सुमारास, आजच्या आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड उभारले. कर्जापायी जमिनी गमावलेल्या महादेव कोळ्यांचा राग त्यामागे होता. 1876 मध्ये ते पकडले जाईपर्यंत हा डोंगरी पट्टा सरकारच्या हाती पुरता लागला नाही. लोकांना कायदा सावकाराच्या बाजूने उभा दिसतो, तेव्हा त्यांचे ओठ मिटतात आणि सरकारला गावातून खबर मिळणे बंद होते. तेव्हाचा हा धडा आजही जुना झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. 1958च्या कायद्याने महारवतनासारखी कनिष्ठ वतने रद्द झाली, 1962च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी संपली. त्यानंतर आला महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967. पद वाड्यातून बाहेर पडले आणि गावातल्या कोणाही पात्र माणसाला अर्ज करता येऊ लागला. पाटील आडनावाशी त्याचा संबंध उरला नाही. आज आदिवासी, दलित, भटक्या समाजातले लोक आणि स्त्रिया या खुर्चीवर आहेत. गावगाड्याच्या इतिहासात हा मोठा बदल आहे आणि त्याची पुरेशी दखल आपण घेतलेली नाही.

कायदा काय मागतो

अधिनियमाच्या सहाव्या कलमात पाटलाची कर्तव्ये आहेत. गावातल्या गुन्ह्यांची, सार्वजनिक आरोग्याची आणि एकूण परिस्थितीची माहिती दंडाधिकाऱ्यांना देत राहायची. पोलिसांना मागतील ती मदत करायची. शांतता बिघडेल अशी कुणकुण लागली तर ती ठाण्याला कळवायची. गुन्हा आणि सार्वजनिक उपद्रव रोखायचा, गुन्हेगार कायद्यापुढे आणायला हातभार लावायचा. कोणी अकस्मात किंवा संशयास्पद रीतीने दगावले तर खबर द्यायची आणि पोलीस येईपर्यंत जागा राखायची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही गावच्या कारभारात नेमलेल्या माणसांवर अशी खबर देण्याचे जुने बंधन कायम ठेवले आहे.

कायद्यातली ही ओळ गावात आली की तिची अनेक कामे होतात. विहिरीत प्रेत दिसले, तर पहिला फोन पाटलाला. मग ठाण्याला कळवा, गर्दी हटवा, पंच मिळवा, रडणाऱ्या घराला सावरा, शवविच्छेदनासाठी गाडी मिळते का बघा. कोर्टाचे समन्स आले, तर घर दाखवायला पाटील. बीट अंमलदार गावभेटीला आला, तर त्याच्यासोबत पाटील. गणपती, यात्रा, निवडणूक, मिरवणूक, मोर्चा, या सगळ्यांत पाटील. नदीतला चोरटा वाळूउपसा, हातभट्टी, बालविवाहाची कुजबुज, नव्याने येऊन राहिलेला भाडेकरू, यांवर त्यानेच नजर ठेवायची. ग्राम बाल संरक्षण समितीत तो सदस्य असतो. करोनाच्या काळात बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवण्यापासून विलगीकरणातल्या घराला किराणा पोचवण्यापर्यंतची कामे गावोगावच्या पाटलांनी केली.

यातले बरेचसे काम कुठेही नोंदले जात नाही. बांधावरून दोन भावांत कुऱ्हाड निघायच्या आत पाटील मध्ये जाऊन बसला, दोघांना आपापल्या घरी पाठवले आणि सकाळी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लावला, तर त्या रात्री काहीच घडले नाही अशी नोंद होते. म्हणजे नोंदच होत नाही. गुन्ह्यांच्या आकड्यांवरून पोलिसांचे काम मोजणाऱ्या व्यवस्थेत न घडलेल्या गुन्ह्याचे श्रेय कोणाच्याच खात्यावर पडत नाही. पोलीस पाटलाच्या कामाची किंमत कमी धरली जाते, त्याचे मूळ इथे आहे.

एकाच उपविभागातले दोन मुलूख

जुन्नर-आंबेगावचे उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, मंचरला बसतात. दोन्ही तालुक्यांतल्या पोलीस पाटलांच्या नेमणुका तिथून होतात. पण या एका उपविभागात दोन वेगळे मुलूख आहेत आणि पाटलाचे काम दोन्हीकडे सारखे नाही.

पूर्वेकडचा पट्टा पैशाचा आणि वर्दळीचा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात देशभरचे व्यापारी उतरतात. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे चोरी करून तासाभरात दुसऱ्या जिल्ह्यात जाणे सोपे. इथल्या चोऱ्या शेतीच्या आहेत. नदीकाठची विद्युत मोटार, तिची तांब्याची केबल, रोहित्रातले तांबे, ठिबकचे साहित्य, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी ढापे. एका केबलची किंमत पोलिसांच्या नोंदीत लहान दिसते, पण ऐन उन्हाळ्यात मोटार बंद पडली की त्या शेतकऱ्याचे पीक हातचे जाते. ढापे गेले तर साऱ्या बंधाऱ्याचे पाणी वाहून जाते. अशा चोरीची तक्रार द्यायलाही अनेक जण ठाण्याची पायरी चढत नाहीत, कारण दिवस मोडतो आणि हाती काही लागेल याची खात्री नसते. तक्रार नाही म्हणून गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून गस्त नाही, आणि गस्त नाही म्हणून पुन्हा चोरी. ही साखळी तोडण्याची पहिली संधी पाटलाच्या हाती असते.

ऊसतोडीच्या हंगामात कोयत्याच्या टोळ्या येतात. भीमाशंकर आणि विघ्नहर या सहकारी कारखान्यांच्या क्षेत्रात शेताशेताच्या कडेला त्यांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. ही माणसे गावाच्या मतदारयादीत नाहीत, नात्यात नाहीत, आणि काही चोरीला गेले की पहिला संशय त्यांच्यावरच येतो. मुकादमाने मारहाण केली, उचल फिटली नाही म्हणून कोणाला अडवून ठेवले, कोपीतल्या मुलीला त्रास झाला, तर त्यांनी जायचे कोणाकडे? कायद्याने पाटील त्यांचाही आहे. गावाचा पाटील गावाबाहेरच्यांचा किती होतो, यावर त्याची खरी पारख होते.

पश्चिमेकडचे काम वेगळे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आहेत, फोनला रेंज सगळीकडे नाही, पावसाळ्यात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. इथे गुन्हे कमी नोंदले जातात, पण जोखीम कमी नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगावातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. ही बातमी बाहेर पोचवली ती त्या रस्त्याने एसटी घेऊन निघालेल्या चालकाने. त्याला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही. पुढे 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर तशीच वेळ आली. जमिनीला पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे, उतारावरून सुटणारे दगड ही चिन्हे आधी गावकऱ्यांना दिसतात. ती कोणी लिहून घ्यायची, कोणाला कळवायची आणि कळवल्यावर रात्रीच्या रात्री वाडी हलवायचा निर्णय कोणी घ्यायचा, याची वाट डोंगरातल्या प्रत्येक पाटलाला पाठ हवी. सहाव्या कलमातल्या ‘एकूण परिस्थिती’ या शब्दांत हे सगळे बसते.

हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे पेसा कायद्याने ग्रामसभेला दारूबंदीपासून तंटे सोडवण्यापर्यंतचे अधिकार दिले आहेत. इथल्या पाटलाने ठाण्यासोबत ग्रामसभेशीही नाते ठेवायला हवे. ज्या गावात पाटील ग्रामसभेत बसून बोलतो, तिथे हातभट्टी बंद करण्याचा ठराव कागदावर राहण्याची शक्यता कमी असते. कारण ठराव करणारे आणि त्यावर नजर ठेवणारे एकाच जागी बसलेले असतात.

बिबट्या आणि जमाव

या दोन तालुक्यांतल्या पाटलाच्या वाट्याला आलेले, राज्यात फार थोड्या ठिकाणी असलेले एक काम म्हणजे बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि वर्षभर हिरव्या असलेल्या त्या आडोशात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या. 2001 ते 2003 या काळात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याने प्रश्न सुटण्याऐवजी चिघळतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने याच भागात दाखवून दिले. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच संघर्षातून वाढले.

हल्ला झाला की वनविभागाचे काम सुरू होते, पण त्याच क्षणी पोलिसांचेही होते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात लागोपाठ बळी गेले. लोकांचा संताप अनावर झाला, वनविभागाची गाडी जाळली गेली आणि मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला गेला. त्या संतापामागे खरे दुःख होते. लेकरू गमावलेल्या घराला पंचवीस लाखांच्या भरपाईने काय मिळते? अशा वेळी जमावासमोर बाहेरून आलेला अधिकारी उभा राहिला, तर त्याच्यावरच राग निघतो. गावातला पाटील उभा राहिला, तर लोक निदान ऐकतात, कारण गेलेले लेकरू त्याच्याही ओळखीचे असते.

पण हा पाटील तिथे उभा राहतो तो कशाच्या जोरावर? त्याने आधी तीन वेळा बिबट्या दिसल्याचे कळवलेले असते. पिंजरा मागितलेला असतो. रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून शेतकऱ्यांना अंधारात उसात पाणी द्यायला जावे लागते, दिवसा थ्री-फेज द्या, हेही सांगितलेले असते. त्याचे काय झाले, हे त्याला कोणी सांगितले नसेल, तर जमावाला सांगायला त्याच्याकडे एक शब्द नसतो. गाव म्हणते, तुम्ही सरकारचे, तुम्ही काय केले? एका उत्तराअभावी वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास त्या दिवशी खर्ची पडतो.

गस्त, फोन आणि अफवा

पाटील एकटा सगळीकडे पुरत नाही. म्हणून ग्रामसुरक्षा दल. गावातले तरुण पाळ्या लावून रात्री काठी, शिट्टी आणि बॅटरी घेऊन फिरतात. गावसंरक्षक दलांची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे. दारूबंदीसाठी वेगळे ग्रामरक्षक दल नेमण्याची तरतूद 2016 च्या अखेरीस दारूबंदी कायद्यात झाली. त्यामागे अण्णा हजारे यांचा आग्रह होता. दरोड्यांची लाट आली की दले उभी राहतात, लाट ओसरली की पाळ्या मोडतात. दिवसभर शेतात राबलेल्या तरुणाकडून वर्षभर रात्रीची गस्त मागणे सोपे नाही.

फोनने यात फरक पडला. डी. के. गोर्डे यांच्या प्रयत्नातून उभी राहिलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा नाशिककडून इतर जिल्ह्यांत पसरली आणि पुणे ग्रामीणच्या गावांपर्यंत आली. 1800 270 3600 या एका क्रमांकावर संकट सांगितले की तोच आवाज नोंदलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर जातो. चोर शिरले, आग लागली, बिबट्या आला, मूल हरवले, अशा कुठल्याही प्रसंगी दूर वस्तीवरच्या एकट्या घराला हाकेचा आधार मिळतो. शासनाची 112 ही मदतवाहिनी ठाण्याची गाडी बोलावते, ही यंत्रणा शेजाऱ्याला उठवते. डोंगरात शेजारी आधी पोचतो.

पण जो फोन शेजाऱ्याला उठवतो तोच अफवाही पोचवतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. पोटासाठी गावोगाव फिरणारी ती माणसे होती. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी गावे जागी राहिली. चोर टेहळणी करतात अशी वदंता पसरली आणि अनोळखी गाडी दिसली की तरुण रस्त्यावर येऊ लागले. राईनपाड्यासारखे काही पुन्हा होणार नाही याची हमी कॅमेरा देत नाही. ती गावातला एक माणूस देऊ शकतो, जो जमावापुढे येऊन म्हणेल, यांना हात लावायचा नाही, ठाण्याला फोन केलाय, गाडी येईपर्यंत हे माझ्या ओसरीवर बसतील. सुरक्षा दलातल्या प्रत्येक मुलाला पहिला धडा हाच द्यायला हवा: पाहायचे, कळवायचे, रोखून धरायचे, मारायचे नाही. हा धडा जिथे दिला गेलेला नाही, तिथे दल आणि जमाव यांतला फरक एका रात्रीत पुसला जाऊ शकतो.

भावकी, राजकारण आणि दोन मालक

गावातच राहणे ही पाटलाची शक्ती आहे आणि तीच त्याची सर्वांत मोठी अडचण. ठाण्यातला हवालदार बदली होऊन जातो. पाटील जन्मभर त्याच शिवारात राहणार, त्याच पाणंदीने जाणार, त्याच लोकांच्या लग्नाला बसणार. चुलत्याने हातभट्टी लावली, मेहुण्याने वाळू उपसली, सरपंचाच्या माणसाने गायरान बळकावले, तर कळवायचे कसे? कळवले तर नाते तुटते, नाही कळवले तर कर्तव्य. त्यात खबर कोणी दिली हे ठाण्यातूनच बाहेर फुटले, तर पुढच्या वेळी तो पाटील तोंड उघडणार नाही आणि गावातला दुसरा कोणीही उघडणार नाही. पाटील लोकसेवक आहे, कर्तव्य बजावताना त्याच्यावर हात टाकणे हा गुन्हा आहे. पण कलमाचा आधार हल्ल्यानंतर कामी येतो. गावाने टाकलेल्या बहिष्काराला आणि रात्री पेटवलेल्या कडब्याच्या गंजीला कलम आधी पोचत नाही.

निवडीची पद्धत सुधारली आहे. दहावी उत्तीर्ण, गावचा रहिवासी, वय 25 ते 45, चारित्र्य चांगले, अशा अटी आहेत. ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आणि वीस गुणांची मुलाखत होते. महिलांना आरक्षण आहे. शिफारशीने पद मिळण्याच्या काळापेक्षा हे नक्कीच चांगले. पोलीस पाटील बाई असेल, तर नवऱ्याकडून मार खाणारी शेजारीण तिच्या चुलीपाशी येऊन बोलते. हेच बोलणे ठाण्याच्या बाकावर निघत नाही. मात्र बाईच्या नावावर पद आणि काम पाहणारा नवरा, असे जिथे चालते तिथे हा फायदा वाया जातो, आणि ते रोखणे नेमणूक करणाऱ्या कार्यालयाच्या हातात आहे.

पाटलाने शेती किंवा गावातला धंदा केला तरी चालतो, पण राजकीय पक्षात राहता येत नाही. हा नियम योग्य आहे. पण प्रत्येक ग्रामपंचायत निवडणुकीत दोन पॅनेल असतात आणि दोघांनाही पाटील आपल्या बाजूचा हवा असतो. गाव आणि कायदा यांच्यातही तो असाच सापडतो. बैलगाडा शर्यतींचेच पाहा. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. या बंदीच्या वर्षांत जुन्नर-आंबेगावच्या घाटांवर गावाची भावना एकीकडे आणि कोर्टाचा आदेश दुसरीकडे होता. मधल्या जागेत पाटील होता. आज परवानगी आहे, तर अटी पाळल्या जातात का हे बघण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते, आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे ते यात्रा समितीतले त्याचेच लोक असतात.

शिवाय त्याला मालक दोन. नेमणूक आणि कारवाई प्रांताकडे, म्हणजे महसूल खात्याकडे. रोजचे काम ठाण्याचे, म्हणजे गृह खात्याचे. दोन्हीकडून हुकूम येतात, अडचण मात्र एक दुसऱ्याकडे ढकलतो. निवृत्तीने किंवा राजीनाम्याने जागा रिकामी झाली की शेजारच्या गावाच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. डोंगरात तीन वाड्यांची तीन गावे एकाकडे दिली, तर कायद्याने अपेक्षिलेला ‘गावातला माणूस’ दोन गावांत उरतच नाही.

मानधन वाढले, पुढे काय

मानधनाची लढाई लांबली. कित्येक वर्षे हाती पडणारी रक्कम शेकड्यांत होती, मग तीन हजार, मग साडेसहा हजार. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ती महिना 15 हजार केली. राज्यात पोलीस पाटलांची 38,725 पदे आहेत, त्यामुळे हा निर्णय लहान नाही. तो न्याय्य होता आणि उशिरा झाला. पण पैसे वाढले म्हणून काम आपोआप सुधारत नाही. उलट एक धोका वाढतो. पंधरा हजारांची जागा म्हटल्यावर तिच्यासाठी चढाओढ होते, आणि नेमणूक झालेल्याला गाव सरकारचा पगारी माणूस समजू लागते. मानधनासोबत या पदाला काम करण्याची साधने आणि जबाबदेही दिली, तरच त्या पैशाचे सोने होईल.

बाहेर पाहिले की आपले काय कमी आहे ते दिसते. ब्रिटनने 2002 च्या कायद्याने समुदाय सहायक अधिकारी नेमले. ते पूर्णवेळ पगारी आहेत, गणवेशात मोहल्ल्यात पायी फिरतात, त्यांना अटकेचा अधिकार नाही, लोकांशी ओळख हेच त्यांचे काम. केरळने मार्च 2008 मध्ये जनमैत्री सुरक्षा प्रकल्प सुरू केला आणि बीटच्या पोलिसाने घरोघरी जाऊन माणसे ओळखावीत अशी रीत घातली. आपल्याच राज्यात 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभारल्या, सामान्य माणसे आणि हवालदार यांना एकत्र बसवले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा दंगलींचा इतिहास असलेली भिवंडी शांत राहिली. 2007 मध्ये तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनेही काही काळ गावोगाव तडजोडीच्या बैठका भरवल्या. बक्षिसाचा उत्साह संपला तशा बऱ्याच ठिकाणी त्या थांबल्या.

भिवंडी आणि केरळ इथे लोक नुसती माहिती पुरवत नव्हते, पोलीस त्यांच्यासमोर बसून उत्तरे देत होते. नियमित बैठक, तीच माणसे, आणि मागच्या बैठकीत सांगितलेल्या गोष्टीचे काय झाले याचा हिशेब. ब्रिटनला जे नव्याने नेमून मिळवावे लागले, ते म्हणजे मोहल्ला ओळखणारा माणूस, तो आपल्याकडे आधीपासून आहे. आपल्याला कमी पडतो तो हिशेब.

करण्यासारखे

पहिली गोष्ट, पोच आणि उत्तर. पाटलाने ठाण्याला दिलेल्या प्रत्येक खबरीला नोंद क्रमांक मिळावा आणि ठरलेल्या दिवसांत तिचे काय झाले ते त्याला कळवले जावे. काही करता आले नसेल, तर का नाही तेही. ठाण्यातल्या मासिक बैठकीचा पहिला विषय मागच्या महिन्यातल्या खबरींचा असावा. वनविभाग आणि महावितरणलाही त्या बैठकीत बसवावे, कारण या भागातली बरीच खबर बिबट्याची आणि विजेची असते.

दुसरी, एका गावाला एक पाटील. मंचरच्या कार्यालयाने जागा रिकामी होण्याआधीच भरतीची तयारी करावी, विशेषतः पश्चिमेच्या डोंगरी गावांसाठी.

तिसरी, दरवर्षी प्रशिक्षण. प्रेत किंवा चोरीची जागा कशी राखायची, अत्याचार झालेल्या मुलीशी कसे बोलायचे आणि काय विचारायचे नाही, फसवणुकीचा फोन आला की 1930 या सायबर मदतवाहिनीवर किती लवकर कळवायचे, दरडीची चिन्हे कोणती, बिबट्याच्या हल्ल्यानंतर गर्दी कशी मागे घ्यायची. हे सगळे पाटलाला एका दिवसाच्या शिबिरात भाषण ऐकून येणार नाही. ते प्रत्यक्ष करून घ्यावे लागेल.

चौथी, गुप्तता. खबर देणाऱ्याचे नाव फुटले तर फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी. ही एक कारवाई दहा भाषणांपेक्षा गावाला अधिक सांगून जाईल.

पाचवी, ग्रामसुरक्षा दलाच्या मुलांची नोंद, ओळखपत्र, विमा आणि लेखी नियम. अंगावर हात टाकणाऱ्याला दलातून त्याच दिवशी काढायचे.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. 1967 चा अधिनियम पुरेसा आहे, माणसे नेमलेली आहेत, मानधन मंजूर आहे. प्रांत, पोलीस उपअधीक्षक आणि वनविभागाचे अधिकारी यांनी मनावर घेतले, तर जुन्नर-आंबेगावपुरते हे एका वर्षात सुरू करता येईल. गावकऱ्यांनीही आपला वाटा उचलायला हवा. आपल्या पाटलाला पॅनेलमध्ये ओढायचे नाही, आणि त्याने आपल्याच भाच्याचे नाव ठाण्यात दिले तरी त्याच्याशी बोलणे टाकायचे नाही. कायद्याची पहिली खबर देणाऱ्या माणसाच्या पाठीशी गाव आणि ठाणे दोघेही उभे राहिले, तर या पदाकडून जे मागितले जाते ते मागण्याचा हक्क आपल्याला राहील.